कुत्र्याला टोचलेलं नव्हतं, आता?

अकोट तालुक्यात कुणाला कुत्रं चावलं की जमलेली माणसं आधी कुत्र्याची चौकशी करतात. कुणाचं होतं? येडं होतं का? टोचलेलं होतं का? आणि मग दवाखान्याच्या दारात हमखास येणारा प्रश्न : "घरचंच कुत्रं हाय, टोचलेलं नाही, पण येडंगिडं नाही. तरी सुया घ्या लागतीन काय?"

उत्तर एका शब्दाचं आहे : हो. पण नुसत्या 'हो'नं माणूस हलत नाही. कापूस वेचणीचे दिवस असतात, दवाखान्याच्या चार-पाच चकरा म्हणजे तितक्या मजुऱ्या बुडतात, आणि पोटातल्या चौदा सुयांची आजोबांच्या काळातली भीती अजून गेलेली नाही. त्यापेक्षा या 'हो'च्या मागे काय आहे ते नीट समजून घेतलं, तर पुढच्या चकरा निरर्थक वाटत नाहीत.

१. कुत्र्याचं कार्ड कितपत कामाचं?

कुत्र्याला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात. नंतर बूस्टर, आणि पुढे दरवर्षी एक. "मागं एकदा टोचलं होतं" या वाक्यात यातलं काहीच निश्चित नसतं. एकच डोस झालेला असतो, किंवा लस सतत गार न राहिल्यानं निकामी झालेली असते. म्हणून भारतात डॉक्टरांना सूचना अशी आहे की चावणाऱ्या कुत्र्याला लस दिलेली असली, तरी माणसाचा उपचार सुरू करायचा. याचा अर्थ, कुत्रं टोचलेलं नसल्यानं उपचार वेगळा होत नाही. उपचार टाळण्याची एक पळवाट तेवढी बंद होते.

दुसरी पळवाट खोडीची. "पोरानं शेपटी ओढली म्हणून चावलं, उगाच नाही चावलं." खोडी काढली म्हणून चावलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू नसतो, असं कुणी ठरवलं? तिसरी पळवाट पिल्लाची. तीन महिन्यांखालचं पिल्लू टोचलेलं नसतंच, आणि लहान मुलं खेळतात ती नेमकी त्याच्याशी. २०२५ साली उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात राज्य पातळीवर कबड्डी खेळलेल्या एका तरुणानं नाल्यात पडलेलं पिल्लू बाहेर काढलं. ते हाताला जरासं चावलं. जखम किरकोळ म्हणून त्यानं लस घेतली नाही. काही महिन्यांनी, जून संपताना, तो रेबीजनं गेला.

तेव्हा पहिल्या तासात कुत्र्याबद्दलचे सगळे प्रश्न बाजूला ठेवायचे. बघायचं ते जखमेकडे.

२. विषाणू कुठून कुठे जातो

रेबीज हा विषाणूचा रोग. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत हा विषाणू असतो आणि दात कातडीत शिरले की तो मांसात उतरतो. तिथे काही काळ तो तसाच, जखमेच्या आसपास राहतो. मग जवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्या तंतूच्या आतून पाठीच्या कण्याकडे, तिथून मेंदूकडे सरकू लागतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बरेच विषाणू रक्तातून पसरतात, त्यामुळे शरीराच्या संरक्षक यंत्रणेला त्यांचा सुगावा लागतो. हा रक्ताची वाट धरत नाही. मज्जातंतूच्या आत शिरल्यावर तो जवळपास अदृश्य होतो, म्हणून शरीर आपण होऊन त्याच्याशी वेळेवर लढत नाही. त्याच्या बाबतीत आपल्या फायद्याची गोष्ट एकच : तो हळू चालतो. दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. चावा आणि लक्षणं यांच्यात बहुधा एक ते तीन महिने जातात. कधी आठवड्याभरातही लक्षणं दिसतात, तर कधी वर्ष उलटतं.

अंतर जितकं कमी तितका वेळ कमी, हे त्यावरून उघड आहे. वावरात काम करणाऱ्या माणसाच्या पोटरीला झालेला चावा आणि अंगणात रांगणाऱ्या पोराच्या गालाला झालेला चावा यांत म्हणूनच फार फरक आहे. लहान मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असतं. जगात रेबीजनं मरणाऱ्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. चेहरा, मान, हाताची बोटं इथे मज्जातंतूंचं जाळंही दाट असतं.

विषाणू मेंदूत पोचल्यावर मात्र हातात काही राहत नाही. चाव्याच्या जागी मुंग्या, ताप, बेचैनी, मग पाणी गिळताना घशाचे स्नायू आखडतात. पुढे नुसतं पाणी पाहिलं किंवा वाऱ्याची झुळूक आली तरी आखडतात. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यानंतर पाण्याला भिणाऱ्या रोग्याचं वर्णन आहे, आणि तो वाचत नाही हेही तिथे सांगितलेलं आहे. आजही लक्षणं सुरू झाल्यावर उपयोगी पडेल असं औषध नाही. वाचलेल्यांची जगभरातली संख्या बोटांवर मोजण्याएवढी.

पुढची सगळी धावपळ या एका आधारावर उभी आहे : विषाणू जखमेजवळ आहे तोवरच त्याला गाठायचं.

३. नळ आणि साबण

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा उपचार घरातच असतो. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. नळाला पाणी नसेल तर कुणीतरी तांब्यानं, हापशीवर, मोटारीच्या पाइपनं सोडत राहायचं. साबण कोणताही चालतो, कपड्याचाही.

साबणच का? या विषाणूवर चरबीचं पातळ वेष्टण असतं. साबण जसा भांड्यावरचा तेलकटपणा सोडवतो तसाच हे वेष्टणही मोडतो, आणि वेष्टण गेलं की विषाणू निकामी होतो. पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावता येतं.

आता काय करू नये. तिखट, हळद, चुना, तेल, रॉकेल, मातीचा लेप, झाडपाला यांतलं काहीही जखमेत भरू नये. त्यानं जखम चिघळते, चोळताना विषाणू खोल ढकलला जातो, आणि मुख्य म्हणजे 'काहीतरी केलं' या समाधानात दोन दिवस निघून जातात. जखम घट्ट बांधू नये. टाके शक्यतो घालू देऊ नयेत. मोठी जखम असेल आणि टाके टाळताच येत नसतील, तर आधी जखमेत सीरम (त्याबद्दल पुढे) देऊन, काही तासांनी, सैलसर घालतात.

मंत्रानं उतरवून देणारे प्रत्येक पंचक्रोशीत असतात आणि त्यांची ख्याती खोटी नसते. गणित खोटं असतं. चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, त्यामुळे मंत्र घेतलेली बहुतेक माणसं जगतातच. उरलेली गेली, तर "नशीब" म्हणून विषय संपतो.

आणखी एक गल्लत गावोगाव दिसते. गावातल्या डॉक्टरनं "इंजेक्शन दिलं" म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि ते असतं धनुर्वाताचं. तेही लागतं, पण त्याचा रेबीजशी काडीचाही संबंध नाही. कोणतं इंजेक्शन दिलं ते नाव विचारून कागदावर लिहून घ्या.

४. तीन प्रकारच्या जखमा

डॉक्टर जखम पाहून तिला तीनपैकी एका वर्गात बसवतात. कुत्र्याला हात लावला, खाऊ घातलं, त्यानं धड कातडी चाटली : पहिला वर्ग, लस लागत नाही. दातांनी कातडी नुसती दाबली गेली किंवा रक्त न येता ओरखडा उमटला : दुसरा वर्ग, लस लागते. रक्त आलं, दात आत गेले, आधीच्या जखमेवर किंवा डोळ्या-तोंडाच्या आतल्या ओल्या त्वचेवर लाळ लागली : तिसरा वर्ग, लस आणि सीरम दोन्ही लागतात.

रक्त आलं की नाही याची शंका असेल, तर जखमेवर थोडं स्पिरिट लावून पाहतात. झोंबलं म्हणजे कातडी फाटलेली आहे.

५. कुंपण आणि जागल

लस आणि सीरम यांतला घोळ फार जुना आहे. दोन्ही सुईनंच देतात, मग एक घेतलं की दुसरं कशाला?

अकोटच्या उत्तरेला, पोपटखेड-शहानूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांची वावरं आहेत त्यांना हे लगेच उमगेल. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत हरभरा साफ करतात. वावराला पक्कं तारेचं कुंपण घालायचं तर खांब, तार, मजूर जमवण्यात पंधरा दिवस जातात. तोवर जनावरं थांबत नाहीत, म्हणून माणूस जागलीला बसतो. लस म्हणजे कुंपण. लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला धरून निकामी करणारी प्रथिनं, तयार करू लागतं; पण ती पुरेशी व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. सीरम म्हणजे जागल. त्यात घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेली आयती प्रतिपिंडं असतात. ती आजच, या क्षणापासून कामाला लागतात, पण काही आठवड्यांत शरीरातून नाहीशी होतात.

जागल्या घरी बसून उपयोग नाही, तो वावरातच हवा. म्हणूनच सीरम दंडात न देता जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. बोटाच्या टोकाला चावा असेल तर ते फार दुखतं, पोर किंचाळतं, आणि सोबतचा मामा डॉक्टरवर चिडतो : "आधीच जखम, त्यात अजून सुया कशाला?" मामाची चीड समजण्यासारखी आहे, पण विषाणू त्या बोटातच आहे.

कुंपण पुरं झाल्यावर जागल लागत नाही. पहिल्या दिवशी सीरम मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांपर्यंत ते देता येतं, त्यानंतर देत नाहीत. तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात.

किती लागतं? घोड्याचं सीरम वजनाच्या दर किलोमागे ४० युनिट. २० किलोचं मूल असेल तर ४० × २०, म्हणजे ८०० युनिट. ५ मिलिलिटरच्या बाटलीत १,५०० युनिट असतात, तेव्हा अर्ध्या बाटलीपेक्षा थोडं जास्त. ६० किलोच्या माणसाला २,४०० युनिट, म्हणजे दोन बाटल्या उघडाव्या लागतात. माणसाच्या रक्तातलं सीरम किलोमागे २० युनिट पुरतं, पण ते महाग. २०१७ पासून आणखी एक पर्याय आहे : प्रयोगशाळेत तयार केलेलं, एकाच जातीचं प्रतिपिंड. हे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बाजारात आणलं. त्यासाठी घोडे पाळावे लागत नाहीत, आणि मात्राही किलोमागे ३.३३ युनिट इतकी कमी.

लस प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचते, सीरम सगळीकडे असतंच असं नाही. रक्त आलेली जखम असेल तर अकोटच्या सरकारी रुग्णालयात गेल्यावर "सीरम आहे का?" हे स्पष्ट शब्दांत विचारा. नसेल तर लसीचा पहिला डोस तिथेच घेऊन अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाकडे निघा. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे, दिवस हाताशी सात आहेत, पण वाट पाहण्यात काही लाभ नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत, तेव्हा खिशाचं कारण निदान लसीसाठी तरी उरत नाही.

६. पोटातल्या चौदा सुया कुठे गेल्या?

६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला, कुत्र्यानं फाडलेलं असताना, पहिल्यांदा ही लस टोचली. मुलगा जगला. भारतात १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली आणि तिथेच डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. पोटात चौदा सुया घ्याव्या लागत त्या याच लसीच्या. तिच्यामुळे काहींना मज्जासंस्थेचे गंभीर त्रासही होत. २००४ च्या अखेरीस भारतानं ती बंद केली. आज तिशीत असलेल्या माणसाच्या बालपणी ती होती, म्हणून भीती ताजी आहे. लस मात्र केव्हाच इतिहासजमा झाली.

आता पेशींवर वाढवलेली लस दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. कुल्ल्यात कधीच देत नाहीत, कारण तिथल्या चरबीत ती नीट काम करत नाही. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती देता येते. देण्याच्या दोन पद्धती आहेत. स्नायूत द्यायची तर पाच डोस : ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत द्यायची तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटर. कातडीतल्या पद्धतीत एक बाटली अनेकांना पुरते, म्हणून सरकारी दवाखान्यात ती सोयीची. तिथे "आमाले थोडीशीच देली" अशी तक्रार होते. कातडीत संरक्षक पेशी दाट असतात, तिथे थोडी लस पुरते. सुईच्या जागी मटाराएवढा फुगवटा आला म्हणजे ती बरोबर बसली.

खरी चूक होते ती तारखांत. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य. समजा तो १ तारखेला घेतला. तर 'तिसरा दिवस' म्हणजे ३ तारीख नव्हे, ४ तारीख. सातवा म्हणजे ८, चौदावा म्हणजे १५, अठ्ठाविसावा म्हणजे २९. पहिल्याच दिवशी चारही किंवा पाचही तारखा कार्डावर लिहून घ्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात गोल करून ठेवा. एखादी तारीख चुकली तर पुन्हा एकपासून सुरुवात करायची नसते. चुकलेला डोस लगेच घ्यायचा आणि पुढे चालायचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२२-२३ मध्ये घरोघर केलेल्या पाहणीत असं दिसलं, की कुत्रं चावलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यानं एकही डोस घेतला नव्हता, आणि सुरू केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी कोर्स पुरा केला नव्हता. त्याच पाहणीवरून देशात वर्षाला सुमारे ५,७०० माणसं रेबीजनं जातात असा अंदाज निघाला.

चावून महिना झाला आणि आता भीती वाटते, असं असेल तर? आजच सुरू करा. विषाणू वाटेत असेल तर अजून गाठता येतो.

७. दहा दिवसांची नजर

आता कुत्र्याकडे वळू. पिसाळणाऱ्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या काही दिवस आधीच उतरतो, म्हणून चावताना ते धडधाकट दिसू शकतं. पण एकदा लाळेत विषाणू आला की ते कुत्रं दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतं. तेव्हा चावणारं कुत्रं दहाव्या दिवशीही खातपीत, हिंडत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. तसं झालं तर डॉक्टर पुढचे डोस कमी करण्याचा विचार करू शकतात. लस आधी सुरू करायची आणि नजर सोबत ठेवायची. "दहा दिवस पाहू, मग ठरवू" हा क्रम चुकीचा आहे.

म्हणून कुत्रं मारू नका. मारलं तर हा धागाच तुटतो. ते पळून गेलं, दिसेनासं झालं, तर पिसाळलेलं धरूनच सगळे डोस पुरे करायचे. शिवाय पिसाळलेलं म्हणजे अंगावर धावणारंच, असं नाही. काही कुत्री कोपऱ्यात गप पडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, भुंकणं घोगरं होतं. घशात हाड अडकलं असेल म्हणून माणूस तोंडात हात घालतो. गाई-म्हशींच्या बाबतीतही नेमकं असंच होतं : चारा अडकला समजून मालक घशात हात घालतो, आणि हाताला ओरखडा असेल तर तो तिसऱ्या वर्गात जातो.

दहा दिवसांचा नियम कुत्रा आणि मांजर यांच्यापुरताच. वानर, कोल्हा, लांडगा, अस्वल यांना तो लागू नाही. जंगली जनावराचा चावा सरळ तिसऱ्या वर्गाचा धरतात. घरातला उंदीर चावला तर सहसा ही लस लागत नाही.

म्हैस पिसाळून मेली की तिचं दूध प्यायलेलं सगळं गाव लस घ्यायला रांग लावतं. दूध उकळलं की विषाणू मरतो, आणि उकळलेल्या दुधातून माणसाला रेबीज झाल्याची नोंद नाही. त्या रांगेत खऱ्या अर्थानं उभं राहायला हवं ते तिला औषध पाजणाऱ्या माणसानं.

८. ज्याला आधी लस झाली आहे

पूर्वी पूर्ण कोर्स घेतलेल्या माणसाला पुन्हा चावलं, तर दोनच डोस लागतात, ० आणि ३ व्या दिवशी. सीरम लागत नाही. पण हे कार्ड दाखवता आलं तर. कार्ड हरवलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

९. गोव्यानं काय केलं

माणसं टोचत राहणं हा अर्धाच उपाय, कारण विषाणू राहतो कुत्र्यांत. गोव्यानं उरलेला अर्धा केला. तिथे २०१३ पासून मिशन रेबीज या संस्थेनं सरकारसोबत गल्लोगल्ली फिरून, मोबाइलच्या नकाशावर नोंदी ठेवत, कुत्री धरून टोचली. पुढे वर्षाला ९५ हजारांवर कुत्री टोचली जाऊ लागली. सोबत दरवर्षी दीड लाख शाळकरी मुलांना चावा कसा टाळावा, चावलं तर काय करावं हे शिकवलं. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले.

त्यामागचा आकडा सत्तर टक्क्यांचा. दहापैकी सात कुत्री टोचलेली असली की विषाणूला पुढचं कुत्रं सापडत नाही आणि साखळी तुटते. एखाद्या गावात ६० कुत्री असतील तर ४२ पुरतात. पण ती दरवर्षी, कारण जुनी मरतात आणि हिवाळ्यात गल्लोगल्ली नवी पिल्लं दिसू लागतात. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण २०२३ च्या नियमांनुसार नगरपरिषद आणि ग्रामपंचायत यांच्याकडे येतं, म्हणजे ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. पाळलेल्यांना मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यात आपणच न्यायचं. तीन महिन्यांचं पिल्लू पिशवीत घालून एकट्यानं नेता येतं. तेच पुढच्या वर्षी मोकाट फिरू लागलं, की त्याला धरायला जाळी आणि चार माणसं लागतात.